मोठ्या बजेटचे गेम्स आता कंटाळवाणे का वाटतात? माझं वय झालं की गेम्सच बिघडले?

वय-बिय काही झालेलं नाही तुमचं. तुम्ही लिहिलंय की नवीन ट्रिपल ए (म्हणजे मोठ्या बजेटचा) गेम घेता, दोन-चार दिवस खेळता आणि मग तो तसाच पडून राहतो, पण जुने गेम मात्र शेवटपर्यंत खेळायचात. माझंही अगदी हेच होतं, आणि ज्यांच्यासोबत मी ऑनलाइन खेळतो त्यातल्या बऱ्याच जणांचं हेच म्हणणं आहे.

सगळे म्हणतात कंपन्या लोभी झाल्या. बरोबर आहे, पण लोभी त्या आधीपण होत्याच, २०१७ च्या बॅटलफ्रंट २ गेममधले लूट बॉक्स आठवा, म्हणजे पैसे काढायला ठेवलेल्या, आत काय निघेल ते नशिबावर अशा पेट्या. माझ्या मते खरा घोळ वेळेचा आहे. रॉकस्टार कंपनीने जीटीए ३ काढला २००१ ला, व्हाइस सिटी २००२ ला आणि सॅन अँड्रियास २००४ ला, आणि मग जीटीए ५ आला २०१३ ला तर पुढची दहा वर्षं उलटली तरी सहावा काही आला नव्हता. नॉटी डॉग या स्टुडिओचंही तेच, अनचार्टेडचे तीन भाग २००७, २००९, २०११ आणि लगेच २०१३ ला द लास्ट ऑफ अस, दर दोन वर्षांनी एक. त्याचा दुसरा भाग २०२० ला आला आणि पुढची पाच वर्षं त्यांच्याकडून नुसते जुन्याच गेम्सचे रिमेक आणि रिमास्टर.

आता एवढी वर्षं शेकडो लोक एकाच गेमवर काम करणार म्हटल्यावर पैसा किती लागेल बघा. २०२३ ला मायक्रोसॉफ्टच्या कोर्ट केसमध्ये सोनीचे काही कागद बाहेर आले, आकड्यांवर काळा मार्कर फिरवलेला होता पण स्कॅनमध्ये खालचं वाचता येत होतं, तर त्यात द लास्ट ऑफ अस पार्ट टू चा खर्च साधारण २२ कोटी डॉलर होता. आता गेम ७० डॉलरला विकला आणि ऑनलाइन स्टोअरचा ३० टक्के वाटा गेला तर हातात राहतात ४९ डॉलर. म्हणजे एवढा खर्च नुसता भरून काढायला पूर्ण किमतीत ४५ लाख कॉप्या खपायला हव्यात! अशा वेळी "चला काहीतरी वेगळं करून बघू" असं म्हणायची कुणाची हिंमत होणार?

आणि वेगळं नाही तर मग काय, जे चालतंय त्याच्या मागे धावायचं. पण तुम्ही आज मागे धावायला लागलात तर पोचणार पाच-सहा वर्षांनी. सोनीच्या कॉनकॉर्ड गेमचं हेच झालं, ओव्हरवॉच आला होता २०१६ ला आणि हा त्याच्यासारखाच हिरो शूटर (वेगवेगळ्या शक्तींचे हिरो निवडून खेळायचा गोळीबाराचा गेम) आला ऑगस्ट २०२४ ला, वरातीमागून घोडं, तेही ४० डॉलरला जेव्हा ओव्हरवॉच २ आणि व्हॅलोरंट फुकट मिळत होते. दोन आठवड्यांत गेम बंद, सगळ्यांचे पैसे परत, आणि पुढे तो स्टुडिओसुद्धा बंद. ज्यांनी आयुष्यातली इतकी वर्षं त्यात घातली त्यांच्यासाठी मला खरंच वाईट वाटतं, निर्णय त्यांनी थोडीच घेतला होता.

कंटाळा येण्याचं अजून एक कारण, आणि मला वाटतं तुमच्या बाबतीत हेच असणार. एवढा पैसा लागला की एकही प्लेयर मधेच सोडून जाऊ नये ही भीती असते. मागे मी एक मोठा ॲक्शन गेम खेळत होतो, एका खोलीत पझल होतं, मी नुसता आत जाऊन इकडे तिकडे बघतोय तोवर सोबतचं कॅरेक्टर बोललं की ते चाक फिरवून बघूया का. अरे बघू तर दे मला आधी! वर चढायची जागा असेल तिथे पिवळा रंग फासलेला, मॅपवर शंभर आयकॉन, आपण खेळतोय की कुणीतरी सांगितलेली कामं उरकतोय तेच कळत नाही.

याच्या उलट एल्डन रिंग. सुरुवातीच्या भागातच एक पडका अवशेष आहे, त्याच्या तळघरात पेटी आहे, उघडली की धूर येतो आणि तुम्ही थेट केलिड नावाच्या भयानक भागातल्या खाणीत जाऊन पडता. लेव्हल कमी, समोरचे शत्रू एका फटक्यात मारतात, आणि गेम तुम्हाला काहीही सांगत नाही. लपतछपत बाहेर पडलो आणि वरचं लाल आकाश बघितलं तेव्हा छाती धडधडत होती माझी. तोही मोठाच गेम आहे बरं का, म्हणजे बजेट मोठं असलं की गेम मिळमिळीतच होणार असं काही नाही.

बाल्डर्स गेट ३ पण तसाच. पण तो बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओने तो स्वतःच पब्लिश केला आणि २०२० पासून जवळपास तीन वर्षं अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला ठेवून लोकांकडून खेळवून घेतला, मग २०२३ ला पूर्ण काढला. याउलट सायबरपंक २०७७ हा गेम सीडी प्रोजेक्ट कंपनीने डिसेंबर २०२० ला अर्धवट अवस्थेतच बाजारात आणला, आठवड्याभरात सोनीने तो स्टोअरवरून काढला, आणि खऱ्या अर्थाने चांगला झाला तो २०२३ च्या २.० अपडेटनंतर. आता तो जबरदस्त आहे, पण पहिल्या दिवशी पूर्ण पैसे देणाऱ्यांनी काय पाप केलं होतं?

त्यामुळे माझं ऐकाल तर प्री-ऑर्डर अजिबात करू नका, कितीही ट्रेलर भारी असू दे. पीसीवर खेळत असाल तर किमान दोन-तीन पॅच (चुका दुरुस्त करणारे अपडेट) येऊ द्या, नवीन गेम्समध्ये शेडर कंपाइल होताना, म्हणजे ग्राफिक्सचा कोड तुमच्या कार्डसाठी तयार होत असताना, जे अडखळतं ना, त्याने चांगल्या गेमचीही मजा जाते. आणि मधल्या बजेटचे गेम बघा, आत्ता खरी धमाल तिथे आहे. २०२५ चा एक्स्पिडिशन ३३ घ्या, मूळ टीम साधारण तीस लोकांची (बाहेरून मदत घेतली तो भाग वेगळा), टर्न बेस्ड (आळीपाळीने वार करायचा) असून शत्रूचा प्रत्येक वार टायमिंग साधून अडवावा लागतो, हात एक क्षण मोकळा राहत नाही, आणि गोष्ट पहिल्या तासातच धरून ठेवते. तुम्हाला जुन्यांपैकी नक्की कोणते आवडायचे ते कमेंटमध्ये लिहा, त्यावरून अजून दोन-तीन सुचवतो.