‘न्यायालयीन कोठडी’ नक्की कुठे असते?

ठाण्याच्या एका वाचकांचा प्रश्न: ‘यूएपीएखालील आरोपीला न्यायालयीन कोठडी सुनावली’ अशी बातमी वाचली (यूएपीए म्हणजे दहशतवादाच्या गुन्ह्यांना लागणारा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा), पण त्याला तर तळोजा कारागृहात नेलं. मग न्यायालयातली ही कोठडी कोणती?

अशी खोली नसते. कोठा, कोठी, कोठार यांच्याच कुळातला हा शब्द, मूळ अर्थ छोटी बंद खोली. इथे मात्र त्याचा अर्थ ‘ताबा’. पोलीस कोठडीत आरोपी लॉकअपमध्ये, तपास अधिकाऱ्याच्या हाताशी. न्यायालयीन कोठडीत तो न्यायालयाच्या हुकमाने कारागृहात: तळोजा, किंवा ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातलं मध्यवर्ती. तिथे जाऊन चौकशी करायची तर पोलिसांना न्यायालयाची परवानगी काढावी लागते.

माझी हरकत ‘सुनावली’ला आहे. सुनावतात ती शिक्षा. कोठडी पोलीस मागतात. न्यायालय ती मंजूर करतं, दिवस कमी करतं किंवा नाकारतं. ‘सुनावली’ म्हटलं की ही सगळी घासाघीस गायब होते, आणि आरोपी वाचकाच्या कानात दोषी ठरूनच पोचतो.

दहशतवादाच्या गुन्ह्यात तर हे दिवस फार मोलाचे. एरवी पोलीस कोठडी एकूण १५ दिवस. यूएपीएच्या कलम ४३ डीखाली ३० दिवसांपर्यंत. न्यायालयीन कोठडीतून पुन्हा पोलीस कोठडीत घ्यायचं असेल तर कारणं देणारं प्रतिज्ञापत्र हवं, उशीर झाला असल्यास त्याचाही खुलासा हवा. आरोपपत्र दाखल करायला ९० दिवस. ते १८० पर्यंत वाढतात, पण आपोआप नाही: सरकारी वकिलांनी अहवालात तपासाची प्रगती आणि आणखी ताब्याची नेमकी कारणं दाखवून न्यायालयाचं समाधान करावं लागतं. (संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्यातही मुदतवाढीची पद्धत अशीच.)

आरोपपत्राची मुदत हुकली आणि ते येण्याआधी आरोपीने अर्ज केला, तर त्याला ‘डीफॉल्ट जामीन’ मिळतो. २०२० मध्ये बिक्रमजित सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यालाच मूलभूत हक्क म्हटलं. तिथे मुदतवाढ दिली होती दंडाधिकाऱ्यांनी, अधिकार होता विशेष न्यायालयाचा, म्हणून ती टिकली नाही. या जामिनाला ‘निर्दोष सुटका’ लिहू नये. खटला उभाच असतो. ‘मुदत-चूक जामीन’ असा शब्द मी सुचवेन, पण वकील मंडळी ‘डीफॉल्ट’च म्हणतात.

मथळा मग असा: ‘आरोपीला दहा दिवसांची पोलीस कोठडी मंजूर’. ‘सुनावली’पेक्षा एक अक्षर कमीच लागतं.