चट्टे फक्त माझ्याच अंगावर उठतात, नवऱ्याच्या नाही. ढेकूणच असतील का? गादी टाकून दिली तर जातील का?

नवऱ्याच्या अंगावर काही उठत नाही म्हणून ढेकूण नाहीत, असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका. चावतात ते दोघांनाही. कुणाची कातडी लगेच फुलते, कुणाची काही दिवसांनी, आणि कित्येकांना कळतसुद्धा नाही. हे इतकं ठासून सांगते, कारण आमच्या घरी महिनोन्‌महिने मलाच वेड्यात काढलं होतं.

नवरा म्हणायचा, तुझ्या अंगात उष्णता आहे. जाऊबाई त्याच्याही पुढच्या. "केर नीट काढला की असलं काही होत नाही." रोज दोनदा झाडणाऱ्या बाईने हे ऐकून घ्यायचं! एका पहाटे मी बॅटरी घेतली आणि दिवाणाची फळी उचलली. स्क्रूच्या भोकांभोवती काळे ठिपके, टाकलेल्या पांढरट काती आणि सांध्यात रक्त पिऊन टम्म झालेले ढेकूण. ओल्या फडक्याने ठिपका पुसला तर तांबूस काळा फराटा उठला. ती त्यांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. तिथल्या तिथे नवऱ्याला उठवून दाखवलं. आणि तो दिवाण आला होता जाऊबाईंच्याच घरून, त्यांनी नवा घेतला तेव्हा.

त्यांना मी कधी बोलले नाही, इथे बोलते. ढेकणाला केराशी काही देणंघेणं नाही. तो रक्तावर जगतो. जुन्या फर्निचरमधून, प्रवासाच्या बॅगेतून येतो आणि लख्ख घरातही मजेत राहतो. पसाऱ्यात लपायला जागा जास्त मिळते, एवढंच.

गादी टाकून काही होणार नाही. खाटेचे सांधे, भिंतीवरच्या फ्रेमची मागची बाजू, स्विचबोर्ड, सगळीकडे ते असतात. नव्या गादीत शिरतील. उन्हात घातलेली गादी वरून तापते, आतून नाही. धुराचे डबे तर आणूच नका, धूर फटीत पोचत नाही आणि ढेकूण मात्र पांगतात. दुसऱ्या खोलीत झोपायला गेलात तर तिथेही येतील.

आम्ही चादरी-अभ्रे 60 अंशांच्या पाण्यात धुतले. शिवणी आणि सांध्यांवरून वाफेचं यंत्र अगदी सावकाश फिरवलं, कारण 50 अंशांच्या वर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. गादीला चेनचं बंद कव्हर घातलं आणि वर्षभर काढलं नाही. ढेकूण कित्येक महिने उपाशी राहू शकतो. फवारणीवाल्याला दुसऱ्या फेरीसाठी आधीच बांधून घेतलं. अंड्यांवर औषध फारसं चालत नाही, ती आठवड्या-दहा दिवसांत फुटतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी परत मारावंच लागतं. बऱ्याच ठिकाणचे ढेकूण पायरेथ्रॉइड या नेहमीच्या कीटकनाशकाला सरावलेत, तेव्हा तेच तेच औषध मारत बसण्यात अर्थ नाही.

हो, नुसत्या चट्ट्यांवरून खात्री होत नाही, डास-पिसवांचेही तसेच दिसतात. ठिपके, काती किंवा जिवंत ढेकूण सापडल्याशिवाय फवारणी करू नका. रॉकेल ओतू नका, आग लागते. ढेकणांमुळे माणसाला रोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण अंग फार सुजलं तर डॉक्टरांना दाखवा. आणि आज रात्री खाट उघडाल तेव्हा नवऱ्याच्या उशाकडचे सांधे आधी बघा. बॅटरी त्यालाच धरायला लावा.