टोर्टोनाच्या टेकड्यांवर परतलेले टिमोरासो

प्रश्न : आमच्या भागातील द्राक्षाची काही जुनी वाणे आता दिसेनाशी झाली आहेत. जवळजवळ नाहीसे झालेले स्थानिक वाण पुन्हा लागवडीत आल्याचे, विशेषतः वाइनच्या द्राक्षांत, एखादे उदाहरण आहे का?
– एक बागायतदार, निफाड

उत्तर : आहे, आणि ते आपल्याला लगेच उमगेल, कारण त्याच्या मुळाशी मणीगळीचाच, म्हणजे घडातले मणी गळून पडण्याचाच, प्रश्न आहे. इटलीतील पिएमॉन्ते प्रांताच्या आग्नेय भागात टोर्टोना शहराभोवतीच्या टेकड्यांवर टिमोरासो हे पांढरे द्राक्ष पूर्वापार लावले जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्झेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर ही कीड सोसणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटांवर (मुळांकडच्या भागावर) कलमे करून बागा नव्याने उभ्या करताना कोणते वाण ठेवायचे, हे शेतकऱ्यांना ठरवावे लागले. (आपल्याकडेही डॉगरिज खुंट वापरला जातो, परंतु तो मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या टंचाईमुळे.) टिमोरासोची फळधारणा बेभरवशाची, गळ मोठी आणि एकाच घडात मणी लहानमोठे, उलट कोर्तेसे हे दुसरे पांढरे द्राक्ष भरघोस पिकणारे. शेतकऱ्यांनी कोर्तेसेला पसंती दिली, यात त्यांचा दोष काढता येणार नाही. टिमोरासोचे मोजके वेल तेवढे जुन्या बागांत मागे राहिले.

मोन्लेआले गावचे बागायतदार वॉल्टर मासा यांनी १९८७ मध्ये या द्राक्षाची वाइन वेगळी करून पाहिली. माझ्या मते खरे पुनरुज्जीवन या वेगळे करण्यातच आहे, कारण इतर द्राक्षांत मिसळून गेलेल्या वाणाचा गुण कोणालाच कळू शकत नाही. ही पांढरी वाइन भरदार आणि चांगली आम्लता असलेली निघाली. बाटलीत काही वर्षे राहिल्यावर ती बिघडण्याऐवजी अधिक खुलते, तिला मधासारखा गंध येतो, आणि पांढऱ्या वाइनमध्ये ही गोष्ट सरसकट आढळत नाही. टोर्टोनाच्या प्राचीन नावावरून ती ‘देर्तोना’ या नावाने विकली जाऊ लागली. हळूहळू शेजारचे बागायतदार टिमोरासोकडे वळले, आणि पुढे बारोलोसारख्या वाइनसाठी ख्यातनाम भागातील उत्पादकांनीही येथे जमिनी घेतल्या. वेलीचा स्वभाव मात्र बदललेला नाही. गळ आजही होते. बदलली ती मिळणारी किंमत, आणि तिच्यामुळे कमी उत्पन्न परवडू लागले.

आपल्या बांधावर किंवा शेजाऱ्याच्या बागेत जुन्या वाणाचा एखादा वेल उरला असेल, तर बाग उपटण्याआधी त्याच्या काड्या अवश्य राखून ठेवाव्यात. जुन्या वेलींत विषाणू असू शकतात, म्हणून त्यांवरून थेट कलमे न करता पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला आधी घ्यावा. पहिल्या हंगामाचे घड चार-दोन किलोच निघाले, तरी ते इतर मालात मिसळू नयेत.