स्वागत: ‘सु’ की ‘स्व’?

‘स्वागत म्हणजे स्व + आगत, आपला माणूस आला, असं म्हणतात ते बरोबर का? आणि सुस्वागतम् चुकीचं का?’ या दोन प्रश्नांचं हे उत्तर.

पहिली फोड मनाला भावते, संधीच्या नियमातही बसते, म्हणूनच ती टिकून आहे. पण खरी फोड सु + आगत अशी आहे. उ पुढे अ किंवा आ आला की उ चा व होतो. स्वल्प (सु + अल्प), स्वच्छ (सु + अच्छ), स्वस्ति (सु + अस्ति) हे सगळे याच घरातले. स्वार्थ, स्वाधीन यांत मात्र ‘स्व’ आहे.

निर्णय लागतो तो ‘आगत’वरून. ‘आगत’ म्हणजे ‘आलेला’ हे खरं, पण पाणिनीच्या ‘नपुंसके भावे क्तः’ या सूत्राप्रमाणे असं रूप नपुंसकलिंगात क्रियेचं नाव होतं. म्हणजे आगतम् = येणं, आणि स्वागतम् = चांगलं येणं. आपणही ‘तुमचं स्वागत’ असं नपुंसकलिंगीच म्हणतो. इथे आलेल्या माणसाचं नव्हे, त्याच्या येण्याचं वर्णन आहे.

संस्कृतात हा शब्द मुळात तोंडाने उच्चारायचा: ‘स्वागतं ते’, तुझं येणं शुभ असो. मेघदूतातला यक्ष कुड्याच्या ताज्या फुलांनी मेघाला अर्घ्य देतो आणि ‘स्वागतं व्याजहार’, म्हणजे ‘स्वागत’ असं बोलतो. फुलं वेगळी, स्वागत वेगळं! मराठीत आपण स्वागत ‘करतो’. हारतुरे, टाळ्या सगळं त्यात आलं. पुढे तर निर्णयाचंही स्वागत होऊ लागलं, तिथे कुणी येतही नाही. ‘आपले स्वागत असो’मध्ये मात्र जुनी शुभेच्छा अजून ऐकू येते, म्हणून मला तो प्रयोग फार आवडतो.

आता सुस्वागतम्. ‘सु’ दोनदा आला हे खरंच. पण ‘स्वागत’ इतका एकजीव झाला की त्यातला ‘सु’ बोलणाऱ्याला जाणवत नाही. ‘श्रेष्ठ’मध्ये ‘सर्वांत’ हा अर्थ असूनही शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आहे, म्हणजे ‘तम’ लावून ‘सर्वांत’ पुन्हा आलाच. त्यामुळे सुस्वागतम् ला मी चूक म्हणणार नाही. नुसतं ‘स्वागत’ पुरतं, एवढंच. फलकावर लिहायचंच असेल तर शेवटच्या ‘म’चा पाय तेवढा मोडा; ‘सुस्वागतम’ हे ना संस्कृत, ना मराठी.