कुत्री नवऱ्याच्या नावावर, परत येतेय बायको

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. नवरा साडेपाच वर्षं दुबईत नोकरीला आहे; मी मुलांना घेऊन चौदा महिन्यांपूर्वी तिकडे गेले. मुलांच्या शाळेसाठी १२ मे रोजी मी कायमची परत येतेय. नवऱ्याचं कंत्राट सप्टेंबरअखेर संपलं की तोही येईल. तीन वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री मला सोबत आणायची आहे. तिचं पेट बुक (कुत्रीची आणि तिच्या लसींची नोंदवही) नवऱ्याच्या नावावर आहे, रेबीजची लस २२ एप्रिलला टोचली. एजंट म्हणतो, पेट बुकवर तुमचं नाव चढवतो आणि गोव्याला उतरवतो. गावात म्हणतात, परदेशी कुत्र्यांवर बंदीच आली आहे. काय करू?

उत्तर : ताई, मेमध्ये कुत्रीला आणू नका. तिला नवऱ्यापाशीच राहू द्या. सप्टेंबरअखेर तोच तिला घेऊन येईल. चार-साडेचार महिन्यांची ताटातूट मुलांना जड जाईल, हे मला कळतं. पण मेच्या बेतात तीन ठिकाणी घोळ आहे आणि त्यातला कुठलाही एक नडला तरी हाल त्या मुक्या जिवाचे होतील.

पहिला घोळ तुमच्या मुक्कामाचा. परदेशातून कुत्रं आणायला एरवी डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. सामानासोबत, परवान्याशिवाय आणण्याची मुभा कस्टम्सच्या ८ एप्रिल २०१३ च्या परिपत्रकाने ठेवली आहे. पण ती सलग दोन वर्षं परदेशात राहून कायमचं परतणाऱ्यालाच, आणि एका वेळी जास्तीत जास्त दोन प्राण्यांसाठी. तुमचे चौदाच महिने झालेत. नवऱ्याची साडेपाच वर्षं तुमच्या हिशेबात धरता येत नाहीत. तो मेमध्ये आठ दिवसांच्या रजेवर तुमच्यासोबत आला तरी उपयोग नाही, कारण रजेवर येणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं नव्हे. त्याने सप्टेंबरमध्ये व्हिसा रद्द केल्याचा आणि नोकरी सोडल्याचा कागद जवळ ठेवावा. शिवाय गेल्या दोन वर्षांत तो किती दिवस भारतात होता, हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून आताच मोजून घ्यावं. घरसामानाच्या सवलतीत अशा भेटी सहा महिन्यांच्या आत असाव्या लागतात. इथेही तोच हिशेब मांडून ठेवलेला बरा.

तुमच्या नावाने डीजीएफटीचा परवाना काढता येईल का? अर्ज करता येतो. पण एप्रिल २०१६ च्या अधिसूचनेनुसार पाळीव कुत्र्याचं पेट बुक आणि बाकीची कागदपत्रं आणणाऱ्याच्याच नावावर लागतात. म्हणजे पेट बुक आधी खरोखर तुमच्या नावावर व्हायला हवं, मग अर्ज आणि मग वाट पाहणं. १२ मेच्या आत हे जमवायच्या मागे लागू नका.

आणि एजंट सुचवतोय तो मार्ग तर अजिबात नको. मागची तारीख टाकून नाव चढवलेलं पेट बुक म्हणजे खोटा दस्त. कस्टम्स कायद्याच्या कलम १११ खाली जप्ती होऊ शकते, ११२ खाली दंड, आणि जाणूनबुजून खोटा कागद दिला तर ११४एए खाली किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड. सही तुमची असेल. एजंट कुठेच सापडणार नाही.

दुसरा घोळ लसीचा. भारतात येणाऱ्या कुत्र्याची रेबीजची लस प्रवासाच्या महिनाभर आधीची, पण बारा महिन्यांच्या आतली लागते. १२ मेला विसावाच दिवस पडतो. सप्टेंबरमध्ये हीच लस बिनघोर चालेल. बाटलीवर तीन वर्षांची मुदत छापलेली असली तरी इथे बारा महिनेच धरतात. कुत्रीच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा अंकी नंबर लसीच्या नोंदीवर, पेट बुकात आणि आरोग्य प्रमाणपत्रावर अंक न् अंक सारखा आहे का, ते आज रात्रीच जुळवून पाहा. एका अंकाची चूक विमानतळावर निस्तरत नाही.

तिसरा घोळ विमानतळाचा. गोवा आपल्याला जवळ, हे खरं. पण केंद्राचं पशु संगरोध (क्वारंटाइन) कार्यालय तिथे नाही. बेळगावच्या सांबरा विमानतळावर तर देशांतर्गतच विमानं येतात. तेव्हा मुंबई किंवा बेंगळुरू. बेळगावहून दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर. जिथे उतरायचं त्याच संगरोध कार्यालयाकडे आठ-दहा दिवस आधी ना हरकत पत्रासाठी अर्ज करायचा. सोबत पासपोर्ट, तिकीट, लसीची नोंद आणि कुत्रीचे फोटो जोडायचे. तिकडच्या सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्रही लागतं. दुबईत ते हवामान बदल व पर्यावरण मंत्रालयाकडून मिळतं; प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात घ्या. तिकीट बदललं तर ना हरकत पत्रही बदलून घ्यावं लागतं, लोक नेमके इथे फसतात. उतरणं कामाच्या दिवशी सकाळी ठेवा, म्हणजे तपासणीला डॉक्टर असतात. मूळ कागद हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नाही. ना हरकत पत्र नसेल तर कुत्रीला तुमच्या खर्चाने परत पाठवू शकतात.

बंदीची अफवा १२ मार्च २०२४ च्या केंद्राच्या परिपत्रकावरून उठली असावी. त्यात पिटबुल, रॉटवायलर अशा तेवीस जाती होत्या, लॅब्रॅडॉर नव्हती. शिवाय कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक १० एप्रिल २०२४ रोजी रद्द केलं. २०१६ मध्ये बंदी घातली होती ती पैदाशीच्या धंद्यासाठी कुत्री आणण्यावर.

मुंबई विमानतळावरून घरी येताना कागल-कोगनोळीला राज्याची हद्द ओलांडायला पाळीव कुत्र्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. मात्र १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार कुत्रं प्रवासाला धडधाकट आहे, रेबीज किंवा दुसऱ्या संसर्गाची लक्षणं नाहीत, असा पशुवैद्यकाचा दाखला सोबत असावा लागतो; रस्ता असो वा रेल्वे. त्याच नियमांत दिवस भरत आलेल्या गाभण कुत्रीची वाहतूक करायला मनाई आहे. सप्टेंबरपर्यंत मध्ये चार महिने आहेत, तेव्हा नवऱ्याला तेवढं लक्ष ठेवायला सांगा.