पॅकेज बावीस लाखांचं, हिशोब आठ वर्षांचा

वडगाव बुद्रुकला प्लायवूडचं दुकान असलेले वडील, आई आणि ऋतुजा (नाव बदललं आहे) असे तिघं जुलैत समुपदेशनाला आले. नीटचा दुसरा प्रयत्न, खुला प्रवर्ग, 720 पैकी 391. वडिलांनी खुर्चीत बसायच्या आधीच एजंटचं कोटेशन टेबलावर ठेवलं. "मॅडम, पोरीला बाहेर पाठवू का नको, तेवढं सांगा."

कोटेशन मध्य आशियातल्या एका विद्यापीठाचं होतं. वर ठळक अक्षरांत: 'एमबीबीएस 5 वर्षे, इंटर्नशिप भारतात, एनएमसी ॲप्रूव्ह्ड, एकूण 22 लाख.' सगळी मेख या एका ओळीत आहे, म्हणून पहिला अर्धा तास तिच्यावरच गेला.

एनएमसी, म्हणजे देशातलं वैद्यकीय शिक्षण बघणारा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही, मान्य कॉलेजांची यादीही काढत नाही. वैद्यकीय कॉलेजांच्या जागतिक डिरेक्टरीत नाव आहे म्हणजे मान्यता आहे, असंही नाही. आहेत ते नोव्हेंबर 2021 चे नियम. तिथे किमान 54 महिन्यांचं शिक्षण, ते इंग्रजीतून. वर त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप. आणि त्या देशाच्या नागरिकाला मिळतो तसाच प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याची पात्रता. म्हणजे 66 महिने. कोटेशनमधल्या 60 महिन्यांत शिक्षण बसतं, पण तिथली इंटर्नशिप बसत नाही. भारतात करायची 12 महिन्यांची इंटर्नशिप ही त्याशिवाय, वेगळी. एजंटने दोन्हींची एकच करून टाकली होती. "दोन वर्षांनी जॉर्जियाला ट्रान्स्फर करून देऊ," असंही तो म्हणाला होता. संपूर्ण अभ्यासक्रम एकाच संस्थेत व्हावा लागतो, त्यामुळे ही ट्रान्स्फर पुढे गळ्याशी येते.

मग पैसे. 22 लाखांत फी आणि हॉस्टेल होतं. मेस, दरवर्षीचं व्हिसा नूतनीकरण, विमा, विमानभाडं, थंडीचे कपडे नव्हते. परत आल्यावरचा परीक्षेच्या तयारीचा काळ तर कुणीच धरत नाही. शिवाय कोटेशन रुपयांत आणि फी डॉलरमध्ये. 2019 मध्ये 70 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर 2025 मध्ये 85 च्या वर होता, आणि नियमाप्रमाणे हा कोर्सही साडेपाच-सहा वर्षांचाच. सगळं धरून आकडा पस्तिशीच्या पुढे गेला, तेव्हा वडील थोडा वेळ गप्प झाले. तरी पुण्यातल्या काही अभिमत विद्यापीठांची फी वर्षाला 20 लाखांच्या पुढे जाते, साडेचार वर्षांचा आकडा हॉस्टेलसकट कोटीला भिडतो. तो पर्याय दुकान विकूनही झेपला नसता.

खरी भीती एफएमजीईची असायला हवी, म्हणजे परदेशातून एमबीबीएस करून आलेल्यांना भारतात प्रॅक्टिससाठी पास व्हावी लागणारी परीक्षा. जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते, 300 प्रश्न, पास व्हायला 150, चुकीला वजा गुण नाहीत. ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेक सत्रांत पास होणारे एक-तृतीयांशही नसतात. कारण तिथले वर्ग इंग्रजीत असले तरी पेशंट रशियन किंवा किर्गीझ बोलतो. भाषा न शिकलेला मुलगा वॉर्डात मागे उभा राहतो आणि पेशंटची हिस्ट्री घेणं पुस्तकातून शिकतो. दुसरं, एकट्या पीएसएमचे, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयाचे, 30 प्रश्न असतात. आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोग कार्यक्रम, प्राथमिक आरोग्य केंद्राची रचना हे तिथे कोण शिकवणार?

"मग अजून एक वर्ष रिपीट?" आईंनी विचारलं. बाहेरच्या प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो, त्यामुळे रिपीट केल्याने ते दार बंद होत नाही. पहिला प्रयत्न असता तर सल्ला तोच होता. पण ऋतुजाची दोन्ही गुणपत्रकं शेजारी ठेवली. जीवशास्त्र 360 पैकी 268, रसायन 82, भौतिक 41. आदल्या वर्षी भौतिक 38 होतं. वर्षभर क्लास लावून तीन गुण वाढले. तिसऱ्या वर्षात ते शंभरावर जातील असं मानायला आधार नव्हता. एफएमजीईत मात्र भौतिकशास्त्र नाही. तिथे लागतं ते पाठांतर, चिकाटी आणि जीवशास्त्राची गोडी, आणि ते तिच्याकडे आहे. एकूण 391 कडे बघून हे दिसत नाही. बीएएमएसचा विषय निघाला, तिने मान हलवली, तिथेच संपला.

घरी जाताना तीन प्रश्न लिहून दिले. शिक्षण आणि इंटर्नशिपचे महिने किती? इंग्रजी शेवटच्या वर्षापर्यंत आहे का? पास होणाऱ्या परदेशी मुलाला तिथला परवाना मिळतो का? उत्तरं विद्यापीठाच्या लेटरहेडवर हवीत. आणि एजंटने न सुचवलेल्या दोन मराठी मुलांशी बोला: एक तिथे तिसऱ्या वर्षाला असलेला, दुसरा परत येऊन एफएमजीईची तयारी करणारा.

एजंटकडून आला तो व्हॉट्सॲपवर आवाज: "काका, सगळं ॲप्रूव्ह्ड आहे, टेन्शन नका घेऊ." जॉर्जियातल्या एका सहा वर्षांच्या कोर्सवाल्यांनी पत्र पाठवलं, तिन्ही उत्तरांसकट.

ऋतुजा सप्टेंबरात तिकडे गेली. फी एकरकमी न देता वर्षाची वर्षाला, बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यात; आर्थिक वर्षात 10 लाखांच्या आत राहिल्याने टीसीएसही (परदेशी रक्कम पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापला गेला नाही. दुसऱ्या एजंटला सेवाशुल्काचा अर्धा हप्ता व्हिसाचा शिक्का बसल्यावर दिला. राहत्या घरावर कर्ज काढायचं नाही, हे आईंनी आधीच वदवून घेतलं होतं. आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेलं पीएसएमचं जाडजूड पुस्तक वजनात बसेना, तेव्हा लोणच्याची बरणी घरी राहिली.