मिठाचा तलाव, क्लोरीनचा तलाव आणि तीन लाखांचा हप्ता

प्रश्न : अलिबागजवळच्या आमच्या बंगल्यात आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल पोहण्याचा तलाव बांधायचा आहे. बांधकामासाठी बोनसचे पैसे आहेत. क्लोरीनच्या गोळ्यांना महिन्याला सुमारे दीड हजार रुपये लागतील. त्याऐवजी 1 लाख 60 हजार रुपये जास्त देऊन मिठाच्या पाण्याची यंत्रणा बसवली, तर रसायने नकोत आणि पुढे खर्चही नाही, असे कंत्राटदार सांगतो. तिच्यातील ‘सेल’ नावाच्या भागाची किंमत कोटेशनमध्ये 60 हजार रुपये लिहिली आहे. काय परवडेल? देखभालीची सोय मी आधीच केली आहे. बँकेतील अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने हमखास उत्पन्नाची विमा पॉलिसी घेतली असून दहा वर्षे दरवर्षी तीन लाख भरल्यावर तेराव्या वर्षाच्या सुरुवातीपासून दहा वर्षे दरवर्षी 5 लाख 10 हजार मिळतील. विमा संरक्षण 30 लाखांचे आहे. दुसरा हप्ता दोन महिन्यांनी आहे. माझे वय 46, मुलगी नववीत, पुण्यातील घराचे 42 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी बाकी. दुसरा विमा नाही.

उत्तर : मिठाचा तलाव हा क्लोरीनचाच तलाव असतो, हे कंत्राटदाराने आपल्याला सांगितलेले दिसत नाही. पाण्यात दर लिटरला साडेतीन ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळवतात, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या साधारण दहावा भाग, आणि ते पाणी सेलमधील विजेच्या पट्ट्यांवरून जाताना त्या मिठापासूनच क्लोरीन तयार होतो. आपल्या तलावात 40 हजार लिटर पाणी मावेल, तेव्हा सुरुवातीला 140 किलो मीठ लागेल. मीठ स्वस्त आहे, सेल स्वस्त नाही. तो पाचेक वर्षांत बदलावा लागतो. त्याचे वर्षाला 12 हजार, मीठ भरण्याचे तीन हजार आणि या यंत्रणेत पाण्याचा सामू (पीएच) सतत वर चढत असल्याने लागणाऱ्या आम्लाचे तीन हजार धरले, तर 18 हजार होतात. गोळ्यांचा वर्षाचा खर्चही 18 हजारच आहे. वरचे 1 लाख 60 हजार कधीच वसूल होणार नाहीत.

अलिबागचा पाऊस हे आणखी एक कारण. चार महिन्यांत तेथे दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपल्या तलावाच्या सरासरी खोलीपेक्षाही अधिक. तलाव उघडा राहिला तर पाणी काठावरून वाहत राहते आणि दसऱ्यापर्यंत बरेचसे मीठ निघून गेलेले असते. वीज गेली की पंप थांबतो आणि पंपाबरोबर क्लोरीन तयार होणेही थांबते, तर गोळी टाकायला बंगल्याची राखण करणारा माणूस पुरतो. काठाला जांभा दगड लावणार असाल, तर खारे पाणी त्याच्या छिद्रांत सुकून दगड पोखरते आणि शिडीचे पोलादही गंजू लागते. मिठाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की क्लोरीन थोडा थोडा आणि सतत मिळत राहतो, त्यामुळे डोळे कमी चुरचुरतात आणि गोळ्यांचे डबे सांभाळावे लागत नाहीत. ही सोय आहे, बचत नव्हे. साधा क्लोरीन घ्यावा आणि पुढे मन बदललेच, तर सेल बसवता येईल एवढी सरळ पाइपची जागा पंपाच्या खोलीत सोडायला सांगावी.

आता आपण न विचारलेल्या गोष्टीकडे वळतो, कारण तलावाचा निर्णय चुकला तरी 1 लाख 60 हजारांचाच फटका बसेल. ज्या पॉलिसीला आपण देखभालीची सोय म्हणता, ती पहिली 12 वर्षे एक रुपयाही देणार नाही. गोळ्या मात्र पहिल्याच महिन्यापासून लागतील. आपला प्रत्येक हप्ता बरोबर 12 वर्षांनी परत येतो : तीन लाख दिले, 5 लाख 10 हजार मिळाले. सहा टक्के व्याजाने पैसा 12 वर्षांत दुप्पट होतो आणि येथे तो दुपटीपर्यंतही पोहोचत नाही, कारण परतावा जेमतेम साडेचार टक्के आहे. महागाई सहा टक्के धरली, तर त्या वेळच्या 5 लाख 10 हजारांची किंमत आजच्या सुमारे अडीच लाखांएवढी असेल. आजचे तीन लाख देऊन आजचे अडीच लाख परत घेण्याच्या व्यवहाराला ‘हमखास उत्पन्न’ म्हणून विकणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच वेळी आपण साडेआठ टक्क्यांनी कर्ज फेडत आहात याची चौकशीही केलेली दिसत नाही. तेच तीन लाख कर्जात भरले असते, तर वाचणाऱ्या व्याजासह 12 वर्षांत त्यांचे आठ लाख झाले असते, आणि तेही तितकेच हमखास.

पहिला हप्ता वाया जाईल या भीतीने दुसरा भरू नये. पहिले तीन लाख पूर्णपणे बुडाले असे समजून उरलेल्या नऊ हप्त्यांचा हिशेब केला, तरी परतावा पावणेसहा टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे कर्जाच्या व्याजदराहून कमीच राहतो. पॉलिसी परत करण्याची 30 दिवसांची मुदत कधीच उलटली आहे. मात्र ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल आणि पॉलिसीचे पहिले वर्ष संपले असेल, तर विशेष सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, देणे विमा कंपनीवर बंधनकारक आहे. ती रक्कम किती, हे कंपनीकडून लेखी मागवावे. बँकेतील अधिकारी तोंडी जे सांगतील त्यावर जाऊ नये, कारण ‘आणखी दोन हप्ते भरा, मग पाहू’ हे वाक्य त्यांच्याकडून हमखास ऐकायला मिळेल.

विम्याचे संरक्षण 30 लाखांचे आणि कर्ज 42 लाखांचे. उद्या आपले काही बरेवाईट झाले, तर मुलीच्या शिक्षणासाठी काही उरणे दूरच, कर्जाचेच 12 लाख पत्नीच्या माथी राहतील. आपल्या वयाच्या निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसाला साठीपर्यंतचा एक कोटीचा शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, ज्यात फक्त मृत्यू झाल्यासच रक्कम मिळते) साधारण तीस हजारांच्या वार्षिक हप्त्यात मिळू शकतो, म्हणजे आपण आज भरता त्याच्या दहाव्या भागात. त्यासाठीचा अर्ज याच आठवड्यात करावा, आजार किंवा औषधे लपवू नयेत, आणि नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी सरेंडर करू नये. वैद्यकीय तपासण्यांना काही आठवडे लागतात. दुसऱ्या हप्त्याला दोन महिने आहेत आणि वार्षिक हप्त्याला त्यापुढे 30 दिवसांची सवलतीची मुदत असते, तेव्हा आत्ता सुरुवात केली तर वेळ पुरेल.